बंगल्याकडची भिंत

खालच्या लाकडाच्या गिरणीचा दुपारचा भोंगा होईपर्यंत माई बोलत नाहीत, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. आणि म्हणूनच थोरल्याने भिंत फोडायला सकाळची वेळ निवडली होती.

तो आला तेव्हा माई स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसल्या होत्या. डोक्यावर दिवा जळत होता. बाहेर कितीही लख्ख ऊन असलं तरी तिथे दिवा लावावाच लागायचा, कारण त्या खोलीच्या बंगल्याकडच्या भिंतीला खिडकी नव्हती. बंगला पाडूनही आता जमाना झाला होता. तिथे गवत वाढलं होतं, गवतापलीकडून गाड्यांचा रस्ता जात होता, पण घरात त्या भिंतीला अजून बंगल्याकडचीच भिंत म्हणत.

थोरल्याने हातातली पिशवी जमिनीवर ठेवली. आत लोखंड वाजलं. भिंतीला लागून असलेलं जुनं कपाट त्याने एकट्याने ओढून बाजूला केलं, खिशातून खडू काढला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर एक चौकोन आखला. मागे सरून डोळे बारीक केले, पुन्हा पुढे जाऊन एक रेघ सरळ केली.

माईंनी एकदा चौकोनाकडे पाहिलं, एकदा लेकाकडे, आणि पुढची शेंग उचलली.

"खिडकी काढतोय, माई. चालेल ना?"

शेंग सोलल्याचा आवाज आला.

"नाही म्हणाली नाही," तो बायकोकडे वळून म्हणाला.

"हो तरी कुठे म्हणाल्या?" थोरली सून म्हणाली, आणि तिने शेंगांच्या परातीचं दुसरं टोक आपल्या पुढ्यात ओढलं.

माईंचं हे मौन रोजचं होतं. आजारपणात चुकलं नव्हतं, नवरा गेला त्या दिवशीही चुकलं नव्हतं. हातवारे करून सांगणंही त्या बोलण्यातच धरत. सकाळचा वेळ देवाचा. त्यात आपलं म्हणणं मिसळायचं नाही, एवढा साधा हिशोब. घरातल्या माणसांनी मात्र त्या शांततेचा सोयीप्रमाणे अर्थ लावायची सवय करून घेतली होती. या घरातली निम्मी भांडणं माईंच्या वतीने, माईंच्या समोर, माईंना न विचारता झालेली होती.

आजचंही त्याच वाटेने निघालं.

"दादा, हे काय चाललंय?" दारात ओल्या कपड्यांची बादली घेऊन धाकटी उभी होती. ती शाळेत इंग्रजी शिकवायची आणि माईंबरोबर याच घरात राहायची. तिला सगळे मास्तरीण म्हणत, तिच्या तोंडावरसुद्धा.

"खिडकी चाललीय. उद्या सकाळी फोटोवाला येतोय. रस्त्यावरून घराची हीच बाजू दिसते. नुसती आंधळी भिंत कॅटलॉगच्या पहिल्या पानावर छापायची का?"

"माईला न विचारता?"

"विचारलं. तुझ्या वहिनीच्या समोर विचारलं."

"भोंग्याआधी विचारलंस! लबाडीची पण एक हद्द असते. माईला ही भिंत हवी आहे. आजोबांनी बांधलेली आहे ती."

"माईने तुला सांगितलं तसं?"

मास्तरिणीला सांगितलं नव्हतं. तिने माईंकडे पाहिलं, थोरल्यानेही पाहिलं. माई वाटाणे सोलत होत्या आणि त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं. असलंच तर थोडंसं हसू होतं, पण ते दोघांनाही आपल्याच बाजूचं वाटलं.

*

थंडीचे महिने माई आणि मास्तरीण खाली शहरात थोरल्याकडे काढत, आणि तेवढे महिने हे घर पाहुण्यांना द्यायचं असं ठरलं होतं. डोंगरउतारावरची अशी छोटी घरं शहरातल्या लोकांना आठवड्याच्या बोलीने देणारी एक एजन्सी होती. तिच्या बाईंनी येऊन घर पाहिलं, पुढच्या व्हरांड्यातून दरी पाहिली, आणि हेच पहिल्या पानावर घेऊ म्हणाल्या. आता फक्त फोटो राहिला होता आणि एक शब्द. घराच्या चित्राखाली हे घर म्हणजे काय ते एका शब्दात छापायचं असे. बाई दुपारी त्यासाठी फोन करणार होत्या.

घरांची वर्णनं लिहायचं काम एजन्सीत थोरल्याची लेक करायची. तिला ठमी म्हणत. ती व्हरांड्याच्या कट्ट्यावर पाय वर घेऊन बसली होती आणि आत्याचा राग उतरवायचा म्हणून मोठ्याने बोलत होती.

"आत्या, तू व्याकरण शिकवतेस, पण हे तुला नाही यायचं. ऐक. उतरतं छप्पर आणि खिडकीखाली फुलं असली की कॉटेज. पुढे दोन खांब असले की विला. आत लाकूड ठोकलं की केबिन. बाहेर एक कोंबडी दिसली की फार्महाउस."

"आणि यातलं काहीच नसलं तर?"

"तर रिट्रीट."

मास्तरिणीला हसायचं नव्हतं, पण हसू आलं.

"पुढे ऐक. 'कोझी' म्हणजे दोघं आत उभे राहिले की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. 'रस्टिक' म्हणजे गरम पाण्याची आशा धरू नका. 'चार्मिंग' म्हणजे दार नीट लागत नाही."

"आणि आपलं हे?"

ठमीने उत्तर द्यायच्या आत थोरला बाहेर आला. "कॉटेज," तो म्हणाला. "खिडकी निघाली, खाली फुलांची पेटी लावली, की झालं कॉटेज. फाटकावरची पाटीसुद्धा सांगून ठेवलीय."

"दादा, हे कॉटेज नाही. आउटहाउस आहे. बंगल्याच्या मालकांनी आजोबांना बंगल्याची देखरेख करायला ठेवलं आणि राहायला मागे आउटहाउस बांधून घे म्हणाले. माई आजही कुणी विचारलं तर तेच सांगते."

"माई जुन्या काळातली आहे. तिला काय कळतं तो शब्द लोक कसा ऐकतात ते!"

"कसा ऐकतात?"

थोरल्याने तोंड फिरवलं. "तुझ्या वेळी बंगल्यातली पोरं मोठी होऊन गेली होती. तुला नाही कळायचं," म्हणत तो आत गेला.

*

त्याला कळत होतं. केस पांढरे झाले तरी कळत होतं.

बंगल्यातली मुलं बागेत चेंडू खेळायची आणि चेंडू इकडे आला की कुंपणावरून हाक यायची, "ए आउटहाउस! चेंडू दे!" नाव त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण नाव घ्यायची गरज त्यांना पडत नव्हती. तो चेंडू नेऊन द्यायचा. एकदा त्याने तो दरीत भिरकावला होता. तेव्हापासून शाळेत पत्ता विचारला की तो 'बंगल्याशेजारी' म्हणायचा. मोठा झाल्यावर त्याने आजोबांचाच गवंडीकामाचा धंदा धरला, पण दगडमातीपेक्षा त्यातले शब्द त्याने मनापासून शिकून घेतले. समोरच्या डोंगरावरचे सगळे विला त्याने बांधले होते. छोट्यातल्या छोट्या घरालाही तो असा काही शब्द द्यायचा की घेणारा ताठ मानेने किल्ली घ्यायचा. जगात इतक्या लोकांना शब्द वाटले. एक आपल्या आईच्या घराला देता येऊ नये?

आणि भिंतीचं म्हणाल, तर ती भिंत म्हणजेच 'आउटहाउस' हा शब्द होता. नोकरांच्या नजरा बंगल्यावर नकोत म्हणून मालकांनी त्या बाजूला खिडकी ठेवू दिली नव्हती. हे तर कुणी सांगायचीही गरज नव्हती, ते रस्त्यावरून दिसत होतं.

त्याने कोट काढला, बाह्या वर केल्या.

"गवंडी का नाही आणलात?" बायकोने विचारलं. "तुमच्या हाताखाली इतकी माणसं आहेत."

"आजोबांच्या भिंतीला परका हात नको."

माईंचा हात वाटाण्यांवर क्षणभर थांबला. ते फक्त थोरल्या सुनेने पाहिलं.

थोरल्याने हातोड्याने भिंतीवर हलकेच ठोकून पाहिलं. ठोकायच्या आधी भिंत ऐकायची, ही आजोबांचीच शिकवण. डावीकडे ठक्क असा भरीव आवाज आला. वर तसाच. मग तो आखलेल्या चौकोनात आला आणि आवाज बदलला. त्याने कान लावला. पुन्हा ठोकलं. एक वीत उजवीकडे सरकला, ठोकलं, आणखी सरकला. त्याच्या खडूच्या रेघेच्या बाहेर, उजवीकडे, पुन्हा ठक्क. मग तो हळूहळू वर गेला, खाली आला. हातोडा खाली ठेवून तो भिंतीकडे बघत राहिला.

"काय झालं?" बायको म्हणाली.

"इथे आधीच काहीतरी आहे."

"काय आहे?"

त्याने खडूची जुनी रेघ हाताने पुसली आणि नवा चौकोन आखला. जुन्यापेक्षा तो थोडा उजवीकडे होता आणि थोडा मोठा होता. आखून झाल्यावर त्याने मागे वळून माईंकडे पाहिलं.

या खेपेला माई सरळ त्याच्याकडे बघत होत्या. हसू आता लपलेलं नव्हतं.

"तुला माहीत आहे," तो म्हणाला. "माई, तुला माहीत आहे काय आहे ते!"

माईंनी वाटाण्यांचं पातेलं उचललं आणि धुवायला नेलं.

"फोडून बघा ना बाबा," ठमी दारातून म्हणाली.

"नाही," थोरला म्हणाला. हातोडा त्याने पिशवीत टाकला. "भोंगा होऊ दे."

*

मग सगळे वाट बघत बसले. ज्या भोंग्याला चुकवायचं म्हणून थोरला सकाळी आला होता, त्याच भोंग्यासाठी तो आता व्हरांड्यात येरझारा घालत होता, आणि मास्तरीण ते बघून मनातल्या मनात सुखावत होती.

थोरली सून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. ती कमी बोलायची. या घरातल्या भांडणांत ती नवऱ्याच्या बाजूची मानली जायची, कारण तिने कधी दुसरी बाजू घेतली नव्हती.

"अहो, एक विचारू?"

"विचार."

"लग्नाआधी मला तुम्ही काय सांगितलं होतं, या घराबद्दल?"

"मला काय आठवतंय."

"मला आठवतंय. 'गावाबाहेर आमचं कॉटेज आहे' म्हणालात. माझ्या माहेरी सगळ्यांना मी तेच सांगितलं. लग्न होऊन इथे आले, फाटकातून हे घर पाहिलं, आणि काय म्हणावं कळेना. तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. म्हणाल्या, 'हे आउटहाउस. बंगला नाही हो राहिला. ये, आत ये, सावकाश बघ.'"

थोरला दरीकडे बघायला लागला.

"त्या घटकेपासून मी त्यांच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवते. तुमच्यावरही ठेवते," ती म्हणाली, "पण आधी जरा डोळे उघडून बघते."

मास्तरिणीने ते ऐकलं. इतक्या वर्षांत वहिनीने पहिल्यांदा बाजू घेतली होती, आणि ती आपली बाजू आहे हे मास्तरिणीच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. "वहिनी, चहा टाकू?" ती म्हणाली. तिच्याकडून ती मोठीच गोष्ट होती.

"टाका, वन्सं. माईंनाही घ्या. आज घशाला काम आहे त्यांच्या."

खाली दरीतून भोंगा झाला.

*

माईंनी डोळे मिटून हात जोडले, ओठ हलले, मग डोळे उघडून त्या थोरल्याकडे बघून म्हणाल्या,

"वेळ बरी निवडलीस रे बाळा."

ठमी फिस्सकन हसली. थोरल्याची मान खाली गेली.

"बस. बसा सगळे. चहा गार होईल." त्यांनी स्वतः एक घोट घेतला. त्यांचा आवाज मुळातच हळू, त्यात अर्ध्या दिवसाच्या शांततेनंतरचा. सगळ्यांना पुढे सरकून ऐकावं लागलं. "मी नवी नवरी होते. दिवसाढवळ्या दिवा लावून स्वयंपाक करायचा, याचं मला रडू यायचं. एकदा मामंजींनी पाहिलं. या भिंतीपाशी गेले, इथे असा हात ठेवला आणि म्हणाले, 'सूनबाई, खिडकी आहे इथे. मिटलेली आहे, एवढंच.'"

"मिटलेली म्हणजे?" मास्तरीण म्हणाली.

"घर बांधतानाच केली त्यांनी. मालकांनी नको म्हटलेलं. मामंजींनी वरचा आडवा दगड बसवला, बाजू घडवल्या, सगळी खिडकी पुरी केली आणि मग मातीत दगड रचून बंद केली. चुना नाही घातला. वरून दोन्हीकडून गिलावा. म्हणाले, 'घर आपलं झालं की उघडा.'"

"मग बाबांनी घर विकत घेतलं तेव्हा का नाही उघडली?" थोरल्याच्या आवाजात लहान मुलाची तक्रार होती.

"त्याच वर्षी बंगला पाडत होते ना. मी म्हटलं, आता उघडू या. तुझे बाबा म्हणाले, 'समोर लोकांचं घर पडतंय. ते काय आपण चहा पीत खिडकीतून बघायचं?' बरोबर होतं त्यांचं. पुढे कपाट आलं भिंतीला, राहून गेलं." माईंनी कप खाली ठेवला. "आता गवत आहे तिथे. आता बघायला हरकत नाही."

"म्हणजे तुला भिंत हवी नव्हती?" मास्तरीण म्हणाली.

"तू माझ्यासाठी भांडलीस, ते मला गोड लागलं," माई म्हणाल्या. "पण मला विचारायचंस ना गं. भोंग्यानंतर."

आता मान खाली घालायची पाळी मास्तरिणीची होती. भावाबहिणीने एकमेकांकडे पाहिलं आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच दोघं एकदम हसले.

"खिडकी उघड," माई थोरल्याला म्हणाल्या. "ती तुझीच आहे. शब्दाचंही तूच ठरव. पण एक ऐक. तो शब्द त्या पोरांनी तुला फेकून मारला म्हणून त्यांचा होत नाही. त्यांच्या आधी तो तुझ्या आजोबांचा होता. ते कुणालाही सांगताना छाती पुढे काढून सांगायचे, आउटहाउस मी बांधलं. तू किती वर्षं तो शब्द त्या पोरांकडे ठेवणार आहेस?"

"लोक नाक मुरडतील, माई."

"मुरडू देत. मी आता उद्या दुपारपर्यंत त्यावर काही बोलणार नाही."

"उद्या सकाळी तर फोटोवाला—"

"हो ना," माई म्हणाल्या.

*

गिलावा सहज सुटला. मागे माती होती, कोरडी, भुसभुशीत, आणि मातीत एकावर एक बसवलेले दगड. थोरला एकेक काढून ठमीच्या हाती देत होता, ठमी आत्याच्या, मास्तरीण वहिनीच्या, आणि ते दगड व्हरांड्यात रांगेने ठेवले जात होते. बाहेरच्या गिलाव्याला त्याने आतून एक ठोका दिला. ढेकळं पलीकडे गवतात पडली आणि त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा ऊन आलं. ते माईंच्या गुडघ्यांवर पडलं. त्यांनी उठून दिवा मालवला.

थोरल्याने हाताने माती झटकली. खाली खिडकीचा तळ होता, एका अखंड दगडाचा. बंगल्याच्या पुढच्या पायऱ्यांचा दगड होता तो, त्याने लगेच ओळखला, उरलेला असणार. त्यावर टाकीचे घाव इतके बारीक आणि इतके सारखे होते की बोटाला लागत नव्हते. बाहेरच्या बाजूला पावसाचं पाणी ओघळून जावं म्हणून किंचित उतार होता. कडेला एक रेघ कोरली होती, कोपऱ्यात सुबक वळवलेली. नुसती शोभेची.

तो तिथेच थांबला. समोरच्या डोंगरावर त्याचे विला दिसत होते, आणि इथून दिसत होत्या त्या त्यांच्या मागच्या बाजू. घेणारा तिकडे जात नाही म्हणून तिथे त्याने गिलावासुद्धा दिला नव्हता. आणि इथे एका माणसाने, जी खिडकी त्याच रात्री मातीत बुजवायची, जी उघडेल की नाही ते देव जाणे, तिच्या कोपऱ्यात रेघ वळवली होती.

फोन वाजला. ठमीने उचलला. "हो बाई, घरातच आहेत सगळे. नाही, कॉटेज की काय ते अजून—" तिने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मातीचा हात पुढे केला. तिने आवाज मोठा करून फोन त्यांच्या हातात दिला.

"नमस्कार. मी बोलतोय."

"नमस्कार. छपाईला द्यायचंय हो. कॉटेजच ना?"

"नाही. आउटहाउस."

"काही ऐकण्यात चुकलं का माझं?"

"नाही, बरोबर ऐकलंत. आउटहाउस. पाटीवरही तेच येईल. मी पाटीवाल्याला सांगतो."

"अहो, पण लोक असं घर मागत नाहीत. आणि आउटहाउस म्हटलं की ते विचारणारच, कुणाचं आउटहाउस? मोठं घर कुठे आहे? मी काय सांगू त्यांना?"

थोरल्याने खिडकीतून पाहिलं. गवत वाऱ्याने एका बाजूला झुकलं होतं. रस्त्यावरून जाणारी एक गाडी सावकाश झाली होती. आतलं माणूस मान वळवून या नव्या खिडकीकडे बघत होतं. लहानपणी तो ज्या बाजूला तोंड करून कधी उभा राहिला नव्हता, त्या बाजूला तो आता दोन्ही कोपर टेकून उभा होता.

"मोठं घर नाही राहिलं म्हणा," तो म्हणाला. "आणि कुणाचं विचारलं, तर सांगा, ज्याने बांधलं त्याचं."

त्याने फोन ठेवला. माई उठल्या, दुसरा चहा त्यांनी स्वतः गाळला, आणि कप त्याच्या कोपराशी, त्या दगडावर ठेवला. तळ असा सपाट होता की चहा जरासुद्धा हिंदकळला नाही.